वांग्यांच्या टोपलीचा हप्ता

श्री. त्र्यंबकराव उमाठे पहिल्यांदा माझ्याकडे तळेगावला आले, तेव्हा त्यांनी माझ्या मोटारीकडे ढुंकूनही पाहिले नाही. मोटारीच्या विम्यासाठी मीच त्यांना निरोप पाठवला होता. गाडी जुनी, रस्ते खडबडीत आणि कायदा पाठीस लागलेला, तेव्हा सर्वांत स्वस्त विमा उतरवून मोकळे व्हावे, एवढीच माझी इच्छा. नागपूरच्या एका गृहस्थांनी तसा दर कळवलाही होता. बोरगावहून बसने धूळ खात आलेले त्र्यंबकराव मात्र ओसरीत बसले आणि तिथल्या वांग्यांच्या टोपल्या न्याहाळू लागले.

"डॉक्टरसाहेब, एवढे वांगे विकत घेता का?"

मी सांगितले की आमच्या भागात मोटार ही एकच. कोणाला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे तर हीच जाते. मी भाडे घेत नाही. पण इकडचा शेतकरी फुकट बसेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी भाजीची टोपली हजर.

"मंग भाडंच झालं ते," त्र्यंबकराव म्हणाले. "अन गाडी कोन चालवते?"

माझा ड्रायव्हर महादू उईके अंगणात गाडी धूत होता. त्र्यंबकराव उठून त्याच्यापाशी गेले. घरी कोण कोण आहे, शेतीवाडी काही आहे का, तो जायबंदी झाला तर पोरांना कोण पाहील, अशी चौकशी त्यांनी सावकाश केली. महादू लाजून म्हणाला, "हे दोन हातच हायेत जी. दुसरं काई नाई."

परत येऊन त्यांनी जो विमा सुचवला, त्यात ड्रायव्हरच्या दुखापतीची भरपाई होती आणि मोबदला घेऊन रोगी नेण्याची मुभाही होती. त्याचा हप्ता ऐकून माझे तोंड कडू झाले.

"नागपूरवाल्यांचा याच्या निम्म्यात पडतो," मी म्हणालो.

"पडन ना. पन तो दुसऱ्याच कोन्या मोटारीले शोभते. मी तुमच्या मोटारीचा सांगून राह्यलो. घाई नाई, विचार करा."

तेवढे बोलून ते आमच्याकडे भरल्या वांग्यांची भाजी जेवले आणि गेले. औषध देताना मी रोगी पाहतो, किंमत नव्हे. तोच न्याय विम्याला लावायला मला मात्र दोन दिवस लागले. पुढे दर वर्षी पैसे देताना "घ्या तुमचा वांग्यांचा हप्ता" असे मी टोचून बोलत असे. ते नुसते हसत.

घराच्या विम्याचीही त्यांची हीच तऱ्हा. माझ्या शेजाऱ्यांना आगीचा विमा हवा होता. त्र्यंबकराव आधी स्वयंपाकघरात शिरले. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस चुलीच्या भिंतीला लागून रचला होता. "वहिनी, पह्यले हा कापूस हलवू, विम्याचं मंग पाहू," म्हणत त्यांनी धोतर खोचले आणि स्वतः गाठोडी उचलू लागले. कामधंदा सोडून कापूस वाहणारा विमा एजंट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एका उन्हाळ्यात सुदामजी नावाच्या भाजीवाल्या शेतकऱ्याच्या लेकीला बाळंतपणासाठी वर्ध्याला नेत असताना आर्वीच्या अलीकडे मोटारीसमोर बैल आडवा आला. महादूने चाक असे फिरवले की गाडी त्याच्याच बाजूने झाडावर आदळली. मागच्यांना खरचटलेसुद्धा नाही. मुलगी दुसऱ्या गाडीने वेळेत पोहोचली, सुखरूप सुटली. महादूचा उजवा हात मात्र कायमचा आखडला. पुन्हा तो गाडी चालवू शकणार नव्हता, आणि त्याच्या घरात पोटाला दुसरा आधार नव्हता.

भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला कंपनीचे तपासनीस आले. माझ्या ओसरीतच बसले; त्र्यंबकरावही आले होते. त्यांनी सुदामजींना विचारले, "डॉक्टरांनी मेहेरबानी म्हणून गाडी दिली होती ना?"

सुदामजींना ते लागले. "मेहेरबानी काऊन, साहेब? मी टोपलंभर वांगे देल्ले. आजवर कोनाच्या गाडीत फुकट नाई बसलो."

 भाड्याने नेली म्हणून एका मोटारवाल्याची भरपाई बुडाल्याचे मी ऐकले होते. आमच्या विम्यात त्याची मुभा आहे हे त्या क्षणी मी विसरलोच; इथे तर बुडणार होता तो महादू. मी त्र्यंबकरावांच्या कानाशी लागून म्हणालो, "सुदामजींना जरा समजावा."

"काऊन समजवाचं? खरंच बोलून राह्यले ते," त्र्यंबकराव सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले आणि तपासनीसांकडे वळले. "साहेब, या गावात भाडं भाजीत येते, हे म्या कंपनीले पह्यल्याच दिवशी कळवलं होतं. त्याचाच जास्तीचा हप्ता डॉक्टरसाहेब भरतात. तोंड वाकडं करून भरतात, पन भरतात."

तपासनीस हसले. महादूला पुरी भरपाई मिळाली. त्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागले नाही आणि सुदामजींना मान खाली घालावी लागली नाही. त्र्यंबकरावांवर माझा जीव जडला तो त्या दिवशी, हे आज उघड सांगायला मला संकोच वाटत नाही.

महादूने बसस्टँडवर चहाचे दुकान घातले. त्र्यंबकरावांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरवसमितीने हा लेख मागितला तेव्हा मी तिथेच जाऊन बसलो. म्हटले, "त्र्यंबकराव साठ वर्षांचे झाले. त्यांना उदंड आयुष्य मिळो, हातपाय धडधाकट राहोत, असं तुझ्याकडूनही लिहितो."

डाव्या हाताने चहा ओतत महादू म्हणाला, "हाव, लिहा ना जी." मग कप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "अन महादूचं घर चालून राह्यलं, हे बी लिहा. त्यायले बरं वाटन."