कोणाच्याही मागे जाऊ नका

ज्या शहरात आपण पाऊल ठेवलं नाही, त्याबद्दल लिहू नये हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचा सरावही थोडाच. चुकलं तर माफ करावं. पण मोरोक्कोतल्या फेज या जुन्या शहराच्या गल्ल्या मला आमच्या तालुक्याच्या, सौंसरच्या बाजारापेक्षा जास्त पाठ आहेत, आणि माझ्यामुळेच तिथे एका दुपारी एक म्हातारी बाई अडकली.

पांढुर्ण्यात स्टेशनजवळ माझी खोली आहे. दुपारी बारा ते रात्री आठ मी फेजमधल्या एका अतिथीगृहाच्या पाहुण्यांना मोबाईलवर उत्तरं देतो. पाच मिनिटंही उठता येत नाही. खिडकीतून रुळांचा एक तुकडा दिसतो, तेवढंच बाहेरचं जग.

राहून गेलेले प्रवासी आपले अनुभव लिहितात. कोणाला गच्चीवरचा पुदिन्याचा चहा आठवतो, कोणी गॅसच्या टाक्या लादलेल्या खेचराच्या धक्क्याबद्दल चिडलेलं असतं. रस्ता दाखवतो म्हणून कोणीतरी भलतीकडेच फिरवलं, अशा तक्रारीही असतात. त्या वाचून मी पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद तयार केला. अतिथीगृहाच्या मालकीणबाईंना तो आवडला. त्यांनी तो छापून प्रत्येकाच्या हाती द्यायला सुरुवात केली. पहिलीच सूचना ठळक अक्षरांत होती: कोणाच्याही मागे जाऊ नका.

त्या शुक्रवारी बाबा आमच्या गावाहून, मोहगावहून भाकरी घेऊन आले होते. ते लोकांच्या संत्र्याच्या बागेत कामाला जातात. साडेचार वाजले असतील, म्हणजे तिकडे दुपारचे बारा. काठी घेऊन चालणाऱ्या, एकट्याच आलेल्या एका आजींचा मेसेज आला, वाट चुकले. मी नेहमीसारखं सांगितलं: तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरून डावीकडे, मग सूत विकणाऱ्याचं दुकान.

"सगळी दुकानं बंद आहेत," त्यांनी लिहिलं.

शुक्रवारची नमाज मी विसरलोच होतो. उंच भिंतींमुळे मोबाईलच्या नकाशावरचा त्यांचा ठिपकाही जागेवर राहत नव्हता.

"काय झालं बे?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग कोनाले विचार म्हना ना तिले. मानूस घरापर्यंत सोडून देते."

आमच्या गावात तसंच आहे. बाबा स्वतः हातातलं काम टाकून परक्या माणसाला दारापर्यंत पोचवून येतात. मी आजींना लिहिलं, कोणालाही विचारा, त्यांच्यासोबत या.

"तुमच्याच कागदावर लिहिलंय, जाऊ नका," उत्तर आलं. "बॅटरी संपत आली आहे. सांगा, कुणाचं ऐकू?"

तो कागद मीच लिहिला, आणि मी तिथे कधी आलो नाही, असं मी टाईप केलं. मग खोडलं. काम जाईल अशी भीती वाटली. पुन्हा टाईप करेपर्यंत त्यांचा फोन बंद झाला होता.

"तू गेला होता का कधी तिथं?" बाबा म्हणाले.

"नाही."

"मंग लोकायले रस्ता कसा सांगून राहिला?"

मालकीणबाईंना मी पाच वेळा फोन लावला, तोही बंद. बाबा शेवटच्या बसपर्यंत खाटेवर बसून होते. जाताना चप्पल घालत म्हणाले, "मी असतो तं पोचवून आलो असतो."

आठ वाजेपर्यंत मी टॉवेल आणि नाश्त्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिलो. त्यानंतर खोलीबाहेर जायला मोकळा होतो, तरी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मालकीणबाईंचा मेसेज आला. आजी सुखरूप होत्या. तीन तास त्या एकाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. समोरच्या घरातली बाई त्यांना पोचवायला तीनदा बाहेर आली आणि तिन्ही वेळा आजींनी तिला कागद दाखवून नको म्हटलं. चौथ्यांदा ती बाई घरातून दोन स्टूल घेऊन आली, आणि आजी परतल्या नाहीत म्हणून अतिथीगृहाचा माणूस शोधत येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिली.