पडद्यापलीकडून आलेलं वाक्य

देवावर रुसायचं तर तरुणपणी रुसावं. म्हातारपणी रुसलं की समजूत काढायला कुणी येत नाही. हे मला ठाऊक असूनही मी रुसले. आमचे हे न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, त्यांना दवाखान्यात घातलं, आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी महाद्वारापर्यंत जाऊन अंबाबाईला तोंड न दाखवता माघारी फिरले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. लांबूनच कळसाकडं बघून म्हटलं, "एवढी वर्षं तुझ्या दारात येते, आणि तू माझ्या घरात हे करून ठेवलंस. आता तूच ये माझ्याकडं." असं बोलायला काही वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला दार नसतं. आज हे लिहायला बसले आहे ते मात्र तिचे उपकार मानायला, आणि थोडी स्वतःची फजिती सांगायला. फजितीशिवाय माझी कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

आम्ही दोघंही नाटकातली माणसं. आता नाटकातली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं मोठं नाट्यगृह, मखमली पडदा असं काही येईल, तर तसलं नव्हे. कोल्हापूरच्या आसपास, आजरा-चंदगडकडं, जत्रेला गावकरी स्वतः नाटक बसवायचे. पुरुषांची कामं गावातले पुरुष करायचे. बाईच्या कामासाठी कोल्हापुरातून नटी बोलवायची. ती नटी मी. हे पेटी वाजवायचे. तालमीला नटी नसायचीच. जत्रेच्या दिवशी जाऊन उतरायचं, मंडळींबरोबर बसून एकदा पुस्तक वाचायचं, आणि रात्री तोंडाला रंग लावून उभं राहायचं. सगळा भार विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरवर. वाक्याचं तोंड त्यानं कुजबुजून द्यायचं आणि शेपूट आपण ठणकावून म्हणायचं. मला उभ्या जन्मात एक नाटक संपूर्ण पाठ झालं नाही, पण लोकांना वाटायचं बाईंच्या जिभेवर सरस्वती आहे. सरस्वती कसली, विंगेतला गावचा पोस्टमन!

त्या वेळची मी म्हणजे काय सांगू. अंगात कला बोटभर आणि तोरा हातभर. शिवाजी पेठेतून पिशवी घेऊन निघायची ती डोळ्याला काळा चष्मा लावून, अगदी एसटीतसुद्धा. गावाचं नाव विचारायची नाही. गाडी कुठं थांबेल एवढंच विचारायचं, असा बाणा. चंदगडकडच्या एका गावी मी ओळीनं काही वर्षं गेले. त्या गावानं देवीला नवस बोललेला, की दर जत्रेला तुझ्यापुढं हेच नाटक करू. सासरहून हाकललेली बहीण भावाच्या दारात येते, असं ते नाटक. तिथं एक रीत होती. नटी रंगायला बसायच्या आधी तिला देवळात नेऊन गावच्या बायका तिची ओटी भरायच्या. तांदूळ, नारळ, खण आणि वर मूठभर काजू. माहेरी आलेल्या लेकीची भरतात तशी. एका वर्षी पदरात तांदूळ घालताना एक म्हातारी म्हणाली, "देवीपुढं नाटकाला उभी ऱ्हातीस, म्हंजे तू हितली लेक झालीस. कवा अडलीस तर ये." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अडायला मला दुसरं गाव मिळणार नाही का! परतीच्या एसटीत ओझं नको म्हणून ती ओटी तांदळासकट कंडक्टरला देऊन टाकली. हे म्हणाले, "अगं, देवीची ओटी अशी देऊ नये." मी म्हटलं, "तुम्ही तुमची पेटी सांभाळा."

तर असा तोरा आयुष्यभर सांभाळलेल्या बाईला दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आजी, ऑपरेशन लांबवू नका. या वयात माणूस नुसता पडून राहिला की छातीत कफ धरतो." सरकारी योजनेचं कार्ड त्या दवाखान्यात चालत नव्हतं, आणि त्यांना दुसरीकडं हलवायचं म्हटलं की ते कळवळायचे. सांध्यात बसवायचा भाग मागवायलाच आधी पैसे भरायचे होते. आमच्याकडं होतं ते मी भरलं. त्यात जेमतेम खाटेचं भाडं निघालं. माझी नात सायली मोबाइलवर शोधून म्हणाली, "आजी, आपल्या गावातच एक संस्था आहे. नाटकातल्याच लोकांनी काढलीय. अडलेल्या कलाकारांना तातडीनं मदत देतात. पैसे थेट दवाखान्यात भरतात." मी ताडकन म्हटलं, "कलावंतानं हात पसरायचा नसतो." पोरगी माझीच नात. म्हणाली, "मग काय पसरायचं? आजोबांना? ते तर पसरलेतच की खाटेवर." तरी अर्ज करू दिला तो दुसऱ्या दिवशी. तेवढा वेळ माझ्या तोऱ्यानं खाल्ला, आणि तेवढा वेळ ते वेदनेत होते, हे मला अजून टोचतं.

अर्ज गेला आणि खरी धास्ती पुढं आली. संस्थेनं साहजिकच विचारलं, तुम्ही काम केल्याचं काही आहे का? जत्रेची हँडबिलं, फोटो, मंडळांचे सत्कार, सगळं एका ट्रंकेत होतं. ती ट्रंक घरात जागा नाही म्हणून शाहूपुरीत बहिणीकडं ठेवलेली, आणि महापुरात तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आतल्या सगळ्याचा लगदा झाला. संस्थेची माणसं भली. म्हणाली, कागद नसतील तर तुमचं काम पाहिलेली, नात्यातली नसलेली दोन माणसं सांगा. आमच्या मॅडम फोनवर तुमच्याशी आणि त्यांच्याशी बोलतील. दोन माणसं! हजारोंनी टाळ्या वाजवलेल्या, आणि आता दोन सापडेनात. बरोबरीचे गेले. जे असतील ते अशा गावांत, ज्यांची नावं मी कधी विचारलीच नव्हती. फोन सकाळी येणार होता. मी मोबाइल पदरात बांधून फिरत होते. वॉर्डात रेंज यायची ती फक्त यांच्या खाटेजवळ. चहाला खाली जायचीही भीती; तेवढ्यात फोन आला तर?

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आमच्या ह्यांची एक सवय आहे. पेटी समोर असो वा नसो, त्यांची बोटं चालूच असतात. जेवताना ताटाच्या कडेवर, बोलताना गुडघ्यावर. लग्न झालं तेव्हा मला वाटलेलं, नवऱ्याला काही वाताचा आजार आहे की काय! दवाखान्यात पहिले काही दिवस ती बोटं चादरीवर चालत होती. त्या सकाळी ती थांबलेली दिसली. मी हाक मारली, तर "हं" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. मी खिडकीशी गेले. तिथून कळस दिसत नाही, पण देऊळ कुठल्या बाजूला आहे ते कोल्हापूरच्या माणसाला डोळे मिटूनही कळतं. रुसवा कुठल्या कुठं गेला. मला रडायलाही येईना. एवढंच म्हणाले, "आई, मला पुढचं वाक्य येत नाही गं."

फोन आला. मॅडम तरुण वाटल्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. तुमच्या एखाद्या नाटकाविषयी सांगा." आवाज नीट ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. आणि बघा हं, नवरा असा पडलेला, जीव टांगणीला, तरी नाटकाचं नाव काढल्यावर माझ्यातली ती काळ्या चष्म्याची बया उठून बसली! म्हटलं, "सांगायचं काय त्यात, म्हणूनच दाखवते." आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सुरू केलं, "दादा, उंबऱ्याच्या आत येऊ का, असं तुला विचारायची वेळ माझ्यावर आणू नकोस..."

आणि थांबले. पुढचं येईना. कसं येणार? पुढचं कायम विंगेतून आलेलं. फोनमधून मॅडमचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, संपलं, ही म्हणेल, म्हातारी थापा मारते.

दवाखाना लहान होता, दोन खाटांच्या मध्ये नुसता हिरवा पडदा. त्या पडद्यापलीकडून बाईचा जाड, घोगरा आवाज आला, "ज्या अंगणात मी ठिक्कर खेळले, त्या अंगणात आज पावणी म्हणून उभी हाय मी."

कोण बोललं ते बघायचंही सुचलं नाही. वर्षानुवर्षांची सवय. वाक्याचं तोंड मिळालं की मी थांबत नाही. पुढचं सगळं म्हटलं, शेवटच्या हुंदक्यापर्यंत. मग पडदा सरकवला. पलीकडं माझ्याच वयाची एक बाई, उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लॅस्टर. दोन दिवस ती तिथं होती आणि मी तिच्याकडं मान वळवून पाहिलंही नव्हतं. तिचं नाव पारूबाई.

मॅडमनी विचारलं, "कोण बोललं हे?"

"मी पारू. चंदगडकडची," ती तिथूनच ओरडली. "आमच्या जत्रंला दरसाल ह्येच नाटक असतंय. सगळ्या बायास्नी पाठ हाय. आन् ही बाई कोण, आता वळाकली मी! लई टेचात यायची. तिन्हीसांजा झाल्याल्या, आन् हिच्या डोळ्यावर काळा चष्मा! जीपमधनं उतरली ती सरळ गटारीत. गुडघ्यापतोर चिखोल! माझ्या सासूनं हिरीवर न्हेऊन हिचं पाय धुतलं. तर वर म्हणती कशी, गुलाबपाणी हाय का!"

मॅडम हसू लागल्या. वॉर्डातले पेशंट हसू लागले. आता तुम्हाला सांगते, हा प्रसंग मी नातवंडांना कैक वेळा सांगितलेला आहे, पण माझ्या सांगण्यात गाव वेशीवर सामोरं आलेलं असतं आणि गटाराचा उल्लेख नसतो. मी म्हणणार होते की तिला काहीतरी चुकीचं आठवतंय. तेवढ्यात खाटेवरून, सकाळपासून एका "हं"पलीकडं तोंड न उघडलेले आमचे हे म्हणाले, "दोन्ही पाय गेले होते."

मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि चादरीवर बोटं चालू झाली होती.

दुसरं माणूस पारूबाईनंच दिलं. तिचा दीर त्या नाटकात भावाचं काम करायचा. आता म्हातारा झालेला, पण आहे. तिनं मुलाकडून फोन लावून घेतला. पलीकडून त्या माणसानं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. पहिला शब्द बोलला तो, "ताई, कुठं हाईस तू? बरी हाईस न्हवं?" मी फोन सायलीच्या हातात दिला. त्यांची साक्ष झाली, संस्थेनं पैसे दवाखान्यात भरले, सांध्याचा भाग आला, ऑपरेशन झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून होते तेव्हा पारूबाई माझ्याशेजारी येऊन बसली. चांगल्या हातानं तिनं माझा हात धरून ठेवला. आतून डॉक्टर बाहेर आले आणि "बरे आहेत" म्हणाले, तेव्हा कुठं तिनं तो सोडला. बोटांचे वळ उठले होते. कुणाच्या बोटांनी, ते सांगता येणार नाही.

पारूबाईला घरी सोडायचा दिवस आला. मुलगा न्यायला आला होता. तिनं त्याला खाली धाडून गाड्यावरून नारळ आणि दुकानातून मूठभर तांदूळ आणवले, पिशवीतून घरचे काजू काढले आणि मला म्हणाली, "उभी ऱ्हा. पदर कर फुडं."

मी म्हटलं, "अहो पारूबाई, इथं दवाखान्यात कसलं आता..."

"गप. आमच्यात नटीला रिकामी धाडत न्हाईत. दरसाल माझी सासूच तुझ्या पदरात तांदूळ घालायची, आज आसती तर तिनंच भरली आसती. डाव्या हातानं भरत्ये, देवी समजून घील."

पाय धुणारी आणि 'अडलीस तर ये' म्हणणारी म्हातारी एकच, हे मला तेव्हा कळलं. मी अडले तेव्हा मला त्या गावाचं नावसुद्धा आठवत नव्हतं, जाणार कुठं? तर माहेरच उठून माझ्या शेजारच्या खाटेवर आलं होतं. कळसाकडं बघून मी बोलले होते ना, आता तूच ये! याला चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा. चंदगडची माणसं हाड मोडलं की कोल्हापुरातच येतात, हे मलाही कळतं. मी त्यावर वाद घालत नाही. एवढं मात्र समजलं की ज्याला मी हात पसरणं म्हणून नाकं मुरडत होते, ते मी तरुणपणी दर जत्रेला ताठ मानेनं करत होते. पदर पुढं केल्याशिवाय ओटी भरता येत नाही. देणारी तयारच असते. वाट पाहत असते ती आपला पदर पुढं येण्याची. ज्या कलावंतांनी आपल्यासारख्यांसाठी ती संस्था उभी केली, त्यांनीही माझी ओटीच भरली, असं मी मानते.

आता हे काठी घेऊन घरात चालतात. पेटीपुढं खुर्चीवर बसतात आणि सायलीला चुकीच्या सुरात गायल्याबद्दल रागावतात.

मीही महाद्वारात गेले. या वेळी चपला काढल्या. ओटीची पिशवी खांद्याला होती. नारळ, काजू, तांदळाचा दाणा न् दाणा. रांग मोठी होती. पुढची पोरगी वळून म्हणाली, "आजी, जड झाली असंल पिशवी. द्या इकडं, मी धरते."

"नको गं बाळ," मी म्हटलं. "एकदा देऊन बसलेय मी ही. आता माझी मीच नेते."