अग्निप्रदीपन आणि ओला कोळसा

साखर कारखान्याचा बॉयलर नुसत्या काडीने पेटत नाही. त्याला एक संचालक, त्यांची पत्नी, भटजी, फोटोग्राफर, फुलांच्या माळा, मांडव आणि पुष्कळ भाषणं लागतात. या सगळ्याला अग्निप्रदीपन म्हणतात. घरी रोज सकाळी चहासाठी गॅस पेटवतात, त्याला अजून कोणी असं म्हणत नाही. बहुधा तिथे खुर्च्या मांडायला जागा नसते म्हणून.

आमचा कारखाना कोणता ते सांगत नाही. कोल्हापुरातून कुठल्याही दिशेला गाडी हाणली की थोड्या वेळाने एक चिमणी दिसतेच; त्यांतली एक आमची समजा. मी मंगळवार पेठेतून रोज तिथे जात असे आणि बॉयलर हाउसचा इंजिनिअर म्हणून पगार घेत असे. बॉयलर खरं तर उसाच्या चिपाडाच्या भुशावर चालतो; कोळसा एरवी फक्त भुसा कमी पडला तर. पण त्या वर्षी भुशाला भाव चांगला आला म्हणून संचालक मंडळाने शिल्लक भुसा कागद कारखान्याला विकला आणि हंगामाच्या सुरुवातीला जाळायला कोळसा विकत घेतला. या व्यवहारात फायदा झाला असं वार्षिक सभेत सांगण्यात आलं. कोणाचा, हे विचारायला उठलेल्या सभासदाला जेवणाची वेळ झाल्याचं सांगण्यात आलं.

कोळसा वर बंकरात साठवतात. तिथून तो पत्र्याच्या चौकोनी नळातून खाली उतरतो आणि भट्टीतल्या जाळीवर पडतो. या नळाला चूट म्हणतात. कोळसा कोरडा असला तर तो मुकाट्याने उतरतो. भिजलेला बारीक कोळसा मात्र चुटीच्या अंगाला चिकटतो, थरावर थर चढतो आणि मधेच कमान धरून बसतो. वर बंकर भरलेला, खाली जाळी रिकामी, आणि मधे ही कमान. बाहेरून काही कळत नाही.

कळलं की आमचे फायरमन मामा घण उचलत. मामा तालमीतले. चुटीवर घण घालणं हा त्यांच्या दृष्टीने कामाचा भाग नव्हता, व्यायामाचा होता. त्यांच्या तडाख्याने कोळसा सुटायचा हे खरं, पण पत्र्याला पोचा पडायचा, आणि पुढच्या वेळी कोळसा नेमका त्या पोच्यावर ठाण मांडायचा. मी हे त्यांना समजावलं. ते म्हणाले, "साहेब, म्हणून तर दर साली मला बोलावत्यात."

त्या वर्षी पूजेला आबा बसणार होते. आबा म्हणजे आमचे एक संचालक, साठीच्या पुढचे, उसाचे मोठे बागायतदार, बोलायला मोकळे. त्यांना हा मान दुसऱ्यांदा मिळत होता, आणि त्यांनी तो भांडून मिळवला होता. कारण काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा ते पूजेला बसले तेव्हा पाहुण्यांच्या पंगती उठायच्या आत भट्टी विझली होती. पुन्हा पेटवली, हंगामही पार पडला. पण गावाने ते धरून ठेवलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी आबा बॉयलर हाउसमध्ये आले. बरोबर वहिनी होत्या. आबांनी भट्टीच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, काय बी करा, पर औंदा इस्तू इझाया नगं."

"नाही विझणार, आबा."

"तवाचा साहेब बी आसंच म्हणालता." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमास्नी म्हाईत न्हाय. चार लोकांत बसू देत न्हाईत मला. देवळात गेलो तर म्हणत्यात, आबा, समईपासनं लांब. नातीच्या लग्नात होमाजवळ बसलो, तर नवऱ्याकडचं पावणं म्हणालं, जरा मागं सरका, सप्तपदी व्हायची हाय अजून."

"त्यात काय खोटं हाय?" वहिनी म्हणाल्या. "घरात चूल इझली तरी सुना ह्यांच्याकडंच बगत्यात."

"तू गप गं."

मी हसलो, पण आबा हसत नव्हते. संचालकपद त्यांना पुन्हा मिळालंच असतं; बिनविरोध निवडून येण्याइतके सोयरे त्यांच्या गटात होते. त्यांना हवं होतं ते एवढंच, की चहाच्या टपरीवर बसल्यावर शेजारच्याने सरकून बसू नये.

मी मनापासून ठरवलं की या माणसाचा विस्तव राखायचा. अडचण एकच होती. दोन दिवस परतीचा पाऊस पडत होता, आणि कोळशाच्या ढिगावर ताडपत्र्या नव्हत्या. ढिगावरच्या ताडपत्र्या काढून त्या समारंभाच्या मांडवावर घातल्या होत्या. मी कार्यकारी संचालकांकडे गेलो. ते एक अतिशय टापटीप गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर कागद नसे, फक्त पुष्पगुच्छ असे.

"सर, कोळसा भिजतोय."

"पाहुणे भिजले तर चालेल का?"

"मांडवासाठी वेगळ्या ताडपत्र्या…"

"अहो, कोळशाला काय सर्दी होते? जळणारच आहे तो."

कोळशाच्या वतीने यापुढे वाद घालता येईना. ढिगातला त्यातल्या त्यात बरा कोळसा वर बंकरात चढवला आणि आम्ही देवाचं नाव घेतलं. देवाचं नाव भटजी दुसऱ्या दिवशी सकाळपासून घेणारच होते, पण आमची निकड जास्त होती.

सकाळी ऊन पडलं. मांडवाची गरजच राहिली नाही. भट्टीच्या दारात पूजा झाली. आबांच्या डोक्याला भगवा फेटा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वहिनी पैठणीत. दोघांनी मिळून तुपात भिजवलेला पलिता आत टाकला, लाकडं धडधडून पेटली, टाळ्या झाल्या. फोटोग्राफरच्या फोटोत ज्वाळा नीट आल्या नाहीत म्हणून आणखी एक पलिता टाकावा लागला. शास्त्रात याला काय म्हणतात ते भटजींनी सांगितलं नाही. मग कोळसा सोडला, जाळीने तो धरला, चिमणीतून धूर निघाला आणि मंडळी भाषणांसाठी मांडवात गेली.

मांडवाची रचना सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मांडव फक्त व्यासपीठावर आणि पुढच्या काही रांगांवर होता. व्यासपीठाच्या पाठीमागे बॉयलर हाउस आणि त्यामागे चिमणी. म्हणजे वक्त्यांना चिमणी दिसत नव्हती. मागच्या उघड्यावर बसलेल्या शेकडो सभासदांना फक्त चिमणीच दिसत होती. आबा व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसलेले. पाहुणे बोलत असताना मान वळवून पाठीमागे बघणं बरं दिसलं नसतं. तेव्हा आबा सभासदांच्या तोंडाकडे बघून बसले. लोकांच्या माना वर आहेत, म्हणजे धूर आहे.

प्रमुख पाहुण्यांनी सहकाराच्या पायाभरणीपासून सुरुवात केली. ते पायातून वर येईपर्यंत आमच्या जाळीवरचा कोळसा पातळ झाला. चुटीखालचा, कोळसा पुढे ढकलणारा फीडर फिरत होता, पण त्यातून काही पडत नव्हतं. मामांनी चुटीवर बोटं वाजवून पाहिली. वर भद्द आवाज, खाली पोकळ.

"चोक," ते म्हणाले आणि त्यांनी घण उचलला.

"मामा, आज नको. पत्रा आधीच…"

"मग काय आरती ओवाळू?"

पहिला घण बसला तो सगळ्या आवारात ऐकू गेला. पाहुण्यांच्या स्वागतासाठी आणलेले हलगीवाले गेटजवळ बिड्या ओढत बसले होते. त्यांना वाटलं, आणखी कोणी मोठा माणूस आला आणि आपल्याला सांगायचं राहिलं. त्यांनी घाईघाईने हलगी सुरू केली. मामांचा घण आणि त्यांची हलगी यांचा काही वेळ चांगला मेळ बसला. प्रमुख पाहुणे थांबले, हात जोडून उभे राहिले, गेटमधून कोणी येत नाही असं पाहून पुन्हा बोलू लागले. कोळसा काही हलला नाही.

तोवर चार-पाच सभासद भाषण सोडून आमच्याकडे सरकले होते. पिठाची गिरणी असलेल्या एकाने सांगितलं की बाहेरून मारू नका, गोंजारल्यासारखं थोपटा. गोबर गॅस वापरणाऱ्याने वरून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. तिसरा म्हणाला, "चांगला चालणारा भुसा इकला आनि ह्यो दगुड आणला. भोगा आता." तांत्रिकदृष्ट्या तेवढं एकच मत अचूक होतं, पण त्याचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात आबा आले. फेटा तसाच, गळ्यात हार तसाच. वहिनी पैठणी सावरत मागोमाग.

"माना खाली आल्या," आबा म्हणाले. "समदी एकमेकांकडं बघून हसाय लागल्यात. इझला का?"

"विझला नाही. पण उपाशी आहे."

मी भट्टीचं दार उघडून दाखवलं. जाळीवर एका कडेला निखाऱ्यांचा लाल पट्टा उरला होता, बाकी राख.

आता कमान फोडायला एकच रीत होती. वरची झडप बंद करायची, चुटीच्या पोटाला असलेलं तपासणीचं दार उघडायचं आणि लोखंडी आकडीने चिकटलेला कोळसा ओढून काढायचा. ते काम मामांना सांगितलं. घण खाली ठेवताना त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पण तोवर निखारे जगवायला भट्टीच्या दारातून हाताने कोरडा कोळसा टाकायला हवा होता. लोडरवाल्याला ढिगाचं पोट फोडायला लावलं. वरचा थर भिजला तरी आतला कोळसा बरा निघाला. तो दारापाशी आणून ओतला. मी फावडं घेतलं, तर आबांनी ते हिसकावून घेतलं.

"आबा, अहो सदरा…"

"सदऱ्याला काय हुतंय?"

"अवं, व्यासपीठावर तुमचं भाषण हाय," वहिनी म्हणाल्या.

"पावण्याचं भाषण चालू हाय न्हवं? त्यो काय लौकर बसतोय!"

ऊस भरणारा हात होता. पहिलं फावडं दाराच्या चौकटीवर आदळलं, दुसरं निखाऱ्यांवरच पडलं, मग हात बसला. "लांब टाका, पसरून टाका," मी ओरडत होतो आणि आबा एकाच जागी ढीग घालत होते. माझं त्यांना ऐकू येत नव्हतं किंवा पटत नव्हतं. निखारे दबले, क्षणभर काळोख झाला. आबांचं फावडं हवेत थांबलं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मग ढिगाच्या कडेने एक पिवळी जीभ वर आली, तिच्यामागे दुसरी.

"धरला!" आबा ओरडले. "धरला की गं!"

त्याच वेळी मामांच्या आकडीखाली कमान सुटली. तपासणीच्या दारातून थोडा कोळसा मामांच्या अंगावर आला आणि बाकी सगळा एकदम खाली उतरला. म्हणजे जाळीवर आबांचा ढीग आणि त्यावर चुटीतला ओला साठा. एवढ्या जेवणाची भट्टीला सवय नव्हती. धूर गाळायचं यंत्र अजून सुरू केलेलं नव्हतं. चिमणीतून जे बाहेर पडलं, त्याला धूर म्हणणं कमीपणाचं होईल.

मी बाहेर येऊन पाहिलं. सभासदांच्या माना एकदम वर गेल्या होत्या आणि टाळ्यांचा, शिट्ट्यांचा गजर चालला होता. प्रमुख पाहुणे नेमके महागाईवर बोलत होते. आयुष्यात महागाईवर इतक्या टाळ्या त्यांना मिळाल्या नसाव्यात. त्यांचा आवाज भरून आला. आपण जिल्ह्याजिल्ह्यांत सभा केल्या, पण मान वर करून, डोळे न मिटता ऐकणारा सभासद इथेच पाहिला, असं ते म्हणाले.

मग काजळी खाली येऊ लागली. पुढच्या रांगा मांडवाखाली होत्या, पण वारा तिरका होता. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पाहुण्यांचं पांढरं जाकीट, कार्यकारी संचालकांचा पुष्पगुच्छ. सगळ्यांवर बारीक काळी नक्षी उठली. पुसली की पसरायची. भाषण आभारांशिवाय संपलं.

आबा गर्दीत शिरले. त्यांच्याइतकं काळं कोणीच नव्हतं, तरी ते दुसऱ्यांचे कपडे निरखत होते. टोपी झटकणाऱ्या एकाचा खांदा धरून त्यांनी विचारलं, "काय पावणं? हाय का इस्तू?"

"हाय की, आबा. डोळ्यात बी हाय."

"मग सांगा गावात."

पंगतीत ते सगळ्यांच्या मधोमध बसले आणि कोणी सरकलं नाही. शेजारचा सरकायच्या बेतात होता, पण तो कपड्यांसाठी.

वाढून झाल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. पैठणीचा काठ राखाडी झाला होता, पण त्या सदऱ्याचंच विचारत होत्या.

"साहेब, कोळशाचा डाग कशानं जातोय ओ?"

"गरम पाणी आणि सोडा. दोन-तीनदा भिजवला तर जाईल."

पानावरून आबांनी मान वर केली. "भिजवायचा न्हाय त्यो."

"मग काय तसाच घालून फिरनार?"

"फिरनार की," आबा म्हणाले, आणि त्यांनी वाढप्याला आणखी भात मागितला.