आमच्या घरी रविवारी भात का बिघडे?

गिरगावातील चुलीवरचा भात एडिंबरोतील विद्यार्थ्यामुळे बिघडू शकतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर मिळालेले नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. भूत, करणी, दृष्ट यांवर माझा कधीही विश्वास नव्हता आणि पुढील हकीकत घडल्यावरही तो बसलेला नाही... रविवार सोडल्यास.

बिऱ्हाडात आई, मी आणि माझी पत्नी अशी तीन माणसे. धाकटा भाऊ दत्तू डॉक्टरीसाठी नुकताच एडिंबरोला गेला होता. वडील तापाने गेले, तेव्हा बोलावलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. दत्तूला डॉक्टर करायचे, हे आईने त्या दिवशीच ठरवले होते. तो बोटीत बसला त्या सकाळी शेजारच्या काशीकाकू म्हणाल्या, "वहिनी, पोराची गादी उचलू नका हो. भुकेनं परत येतंय बघा!"

विलायतेची डाक यायला सुमारे तीन आठवडे लागत. पहिल्याच पत्राने काकूंचे भाकीत खरे ठरण्याची चिन्हे दिसू लागली.

"दादा," दत्तूने लिहिले होते, "सकाळी पाव आणि उकडलेला बटाटा, संध्याकाळी बटाटा आणि पाव. आंघोळीचा नुसता विचार केला तरी शिंका येतात. घरमालकीण बाई फार कर्मठ. रविवारी चूल पेटवणे पाप म्हणते. शनिवारचे गार अन्न वाढते."

आई म्हणाली, "बघ, त्यांच्यातही सोवळंओवळं आहे. आणि नावं आपल्याला ठेवतात!"

दुसऱ्या पत्रात अधिक तपशील होता. रविवारी दुपारी दोनला बाई पुन्हा प्रार्थनेस जात. तेवढ्या वेळात दत्तू आपल्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर चोरून भात करी. "खाली करपतो, मध्ये चिखल, वर कच्चा, आणि सगळ्याला स्पिरिटचा वास. नाताळपर्यंत बघतो. नाही जमला, तर बोटीत बसतो."

पुढच्या रविवारी दिवेलागणीला चुलीवर पातेले ठेवताना आई पुटपुटली, "एवढं साधं रे... बोटाच्या पेराएवढं पाणी वर, आणि उकळी आली की विस्तव ओढायचा."

त्या दिवशी आमच्या पानात आलेला भात खाली करपलेला, मध्ये चिखल आणि वर कच्चा होता. तीस वर्षांत आईच्या हातून असे झाले नव्हते. पत्नीने एक घास घेतला आणि हळूच म्हणाली, "अहो, याला तुमच्या शाळेच्या कोटाचा वास येतोय."

मी हुंगले. स्पिरिट! घरात स्पिरिटचा थेंब नाही. शाळेत ते प्रयोगाच्या कपाटात असते, आणि किल्ली माझ्याकडे.

मी पद्धतशीर चौकशी आरंभली. नळाला तानसा तलावाचे पाणी नुकतेच आले होते. पहिला संशय त्यावर. दुसऱ्या रविवारी विहिरीचे पाणी घेतले. तोच भात. तिसऱ्या रविवारी तांदूळ बदलला. तोच भात! सोमवार ते शनिवार मात्र शीत न् शीत मोकळे. चौथ्या रविवारी आई प्रभादेवीला बहिणीकडे गेली आणि भात पत्नीने केला. उत्तम झाला. "दोष आईच्या हातात," असे मी वहीत लिहिले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात डाक आली.

"दादा, आज नवल झाले. पातेले ठेवले आणि हात आपोआप चालू लागला. पाणी बोटाच्या पेराने मोजले. हे मला कोणी शिकवले? शीत न् शीत मोकळे! जेवताना रडलो. बटाट्यापायी कधी रडलो नव्हतो. आता राहतो."

पत्रावरची तारीख आमच्या पहिल्या बिघडलेल्या रविवारची होती. तिथे दुपारचे दोन, म्हणजे मुंबईत सहा वाजून एकावन्न मिनिटे. आमचा भात तेव्हाच चुलीवर असतो. पुढच्या दोन डाकांनीही मेळ तसाच बसला. त्यानंतरच्या पत्रात दोनच ओळी होत्या: "आज पुन्हा चिखल. आई बरी आहे ना?"

तो प्रभादेवीचा रविवार होता.

मी वही उघडून आईला रकाने समजावू लागलो.

"मिटव ती वही," ती म्हणाली. "यापुढे रविवारी मी कुठे जायची नाही."

चार वर्षे ती गेली नाही. रविवारी कोणाचे लग्न निघाले, तरी दिवेलागणीला चुलीपाशी हजर. चार वर्षे दर रविवारी आम्ही तो भात खाल्ला. एकदा मी म्हणालो, "आई, वर कच्चा आहे ग."

"मग चाव. तो तिकडे जेवतोय."

काशीकाकूंनी एकदा चव घेऊन विचारले, "वहिनी, हात बिघडला की काय तुमचा?"

आई हसून म्हणाली, "रविवारी तो विलायतेला असतो."

गेल्या महिन्यात दत्तू डॉक्टर होऊन परत आला. पहिल्याच रविवारी पानात पांढराशुभ्र, मोकळा भात पडला. दत्तू म्हणाला, "हाच. तिकडे अगदी हाच होत असे." पत्नीने तीनदा भात वाढून घेतला आणि मला बजावले, "भावोजींना आता कुठेही पाठवू नका."

आईचे लक्ष उडत असावे, असे म्हणावे, तर स्पिरिटचा वास कुठून आला? आणि दत्तूचा भात कोणी सुधारला? मजजवळ स्पष्टीकरण नाही.

म्हणून विनंती अशी, की ज्यांच्या घरचे कोणी विलायतेत शिकत असेल, त्यांनी भात कधी व कसा झाला ते दररोज टिपून ठेवावे आणि पत्र आल्यावर ताडून पाहावे. घड्याळ मुंबईच्या वेळेचे लावावे, रेल्वेच्या नव्हे. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक आहे, आणि तेवढ्यात भात होऊन जातो. माझ्या शब्दावर विसंबू नये. कृपया स्वतः पडताळून पाहावे.