हातिजेला वगळून

अमेरिकेतल्या ग्लेनडेलमध्ये येरानुही तांतिगला ओळखत नाही असा आर्मेनियन विरळाच. तांतिग म्हणजे मावशी, आणि ती सगळ्यांचीच मावशी होती. बैरूतहून आलेली, बुटकी, जिभेने फटकळ. नवरा लवकर गेला. तिने लोकांच्या विजारी आखूड करून, कोटांची अस्तरं बदलून शोघिगला, एकुलत्या एका लेकीला, वाढवलं. राजकारणाचा तिला तिटकारा. "मतं मागणारा आणि मुलगी मागायला आलेला, पहिल्या दिवशी दोघंही गोडच बोलतात," असं ती म्हणायची.

तिला राजकारणात ओढलं ते वाहरामने. वाहराम तिच्या जिवलग मैत्रिणीचा मुलगा. आई वारल्यावर पोर दोन वर्षं हिच्याच स्वयंपाकघरात जेवलं होतं. आता तो वकील होता आणि समितीचा चिटणीस. एकोणीसशे पंधरा साली तुर्कस्तानात आपल्या माणसांची कत्तल झाली, तिला वॉशिंग्टनने ठराव करून वंशसंहार म्हणावं, म्हणून समिती वर्षानुवर्षं उंबरठे झिजवत होती.

"तांतिग, मराशची गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांग," वाहराम म्हणाला. "साक्षीदार आता उरलेत कोण?"

"साक्षीदार माझी आई होती. मी नुसती ऐकणारी."

"ऐकणारेही संपत चाललेत गं."

हे तिला पटलं. काळा पोशाख इस्त्री करून ती खुर्चीत बसली आणि आईने सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. आई, मरीत्सा, तेव्हा तुर्कस्तानातल्या मराश गावातली नऊ वर्षांची पोर. बाप आणि काका यांना वेशीबाहेर नेलं, ते परतले नाहीत. बायकापोरांना वाळवंटाच्या वाटेला लावलं. धाकटा भाऊ वाटेत गेला. मरीत्साची आई नदीकाठी टेकली ती उठलीच नाही. पुढे एका गावाबाहेर हातिजे नावाच्या तुर्की बाईने पोरीला रांगेतून ओढलं आणि गोठ्यात दडवलं. शिपाई आले तेव्हा हातिजेने कुराणावर हात ठेवून सांगितलं, घरात परकं कुणी नाही. हिवाळाभर पोरीला सांभाळलं आणि मग शालीत भाकऱ्या बांधून अलेप्पोच्या अनाथाश्रमाकडे रवाना केलं. मरीत्सा ही गोष्ट तुर्कीतच सांगायची. मराशच्या घरांत तीच भाषा होती. शेवटी हातिजेला मानाने हानिम म्हणत सांगायची, "माझ्यासाठी खोटी शपथ घेऊन हातिजे हानिम नरकात गेली असेल, तर मलाही तिकडेच जायचंय."

हे सांगताना येरानुहीला रडू फुटलं. आजीच्या मरणाचं सांगताना फुटलं नव्हतं.

त्या वर्षी वॉशिंग्टनच्या संसदेची निवडणूक होती. उमेदवाराने समितीच्या कचेरीत येऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. "ठराव आला की पहिला हात माझा वर असेल," तो म्हणाला. त्याचे डोळे ओलावले होते. येरानुहीने विश्वास ठेवला. उन्हाळाभर सुजल्या गुडघ्यांनी ती दारोदार फिरली. शेजारणी चिडवायच्या, "काय येरानुही, मुलगी देऊन टाकलीस वाटतं?" ती हसून पुढचं दार ठोठावायची.

तो निवडून आला आणि पुढच्या शरदात ठराव मतदानाला यायची वेळ आली. तुर्कस्तानने आपल्याकडचा अमेरिकन लष्करी तळ बंद करायची धमकी दिली. पाठिंबा दिलेले एकेक जण नाव मागे घेऊ लागले. त्यात हाही होता. टीव्हीवर तो सांगत होता, तत्त्व मान्य आहे, पण वेळ योग्य नाही.

"आई, बंद कर ते," शोघिग म्हणाली.

"राहू दे. माझा हात धरला होता तो हाच का, ते बघतेय."

तोंडाला पानं पुसली होती सगळ्यांच्याच, समितीच्याही, असं तिला वाटलं. वाहरामला फोन करून उलट तिनेच धीर दिला. "खचू नकोस रे," म्हणाली.

एप्रिलमध्ये समितीने मोठं जेवण ठेवलं. येरानुहीला पहिल्या रांगेतल्या टेबलावर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर प्रमुख पाहुणा येऊन बसला. तोच.

"याला कुणी बोलावलं?" तिने वाहरामला विचारलं.

"आपणच. तांतिग, त्याच्याशिवाय तिथे आपलं आहे कोण?"

दिवे मंद झाले, फिल्म सुरू झाली. पडद्यावर तिचा चेहरा आला. वेस आली, वाळवंट आलं, नदी आली. आणि नदीनंतर एकदम अलेप्पोचा अनाथाश्रम. टाळ्या पडल्या. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, असंच तिला आधी वाटलं. मग ती वाहरामला बाही धरून दारापाशी घेऊन गेली.

"हातिजे कुठे गेली?"

"वेळेची मर्यादा होती."

"माझ्या हातचं खाल्लंयस तू. माझ्याशी वकिली नको."

वाहरामने आवाज खाली आणला. "कत्तल नाकारणारे टपून बसलेत. एक भली तुर्की बाई दाखवली की म्हणतील, बघा, आम्ही तर वाचवतच होतो."

"मग माझी आई अलेप्पोला उडत गेली का?"

"ते कुणी विचारत नाही."

"ते म्हणतात, घडलंच नाही. आणि आता तूही तेच म्हणतोस."

"तुझ्या आईसाठीच करतोय हे सगळं."

हे वाक्य तिला सगळ्यात लागलं. पाहुण्याने फसवलं खरं, पण तो परकाच होता; इथे घरच्या पोराने केसाने गळा कापला होता. ती शाल घेऊन निघाली. पाहुणा हात पुढे करून अर्धवट उठला होता. तिने तिकडे पाहिलंही नाही.

फिल्म परत मागितली तर समिती म्हणाली, प्रती गावोगाव गेल्यात, शाळांतही दाखवतात. पुढच्या ईस्टरला वाहराम गोड पाव घेऊन दारात आला. तिने पाव घेतला, पण त्याला आत ये म्हटलं नाही. तो परत गेला. व्यासपीठावर ती पुन्हा चढली नाही. पाहुणा पुढच्या खेपेलाही निवडून आला.

अजूनही किराणा दुकानात अनोळखी बायका तिला ओळखतात. जवळ येऊन म्हणतात, "तांतिग, तुमची फिल्म पाहिली. एवढीशी पोर, आणि एक माणूस पुढे आला नाही."

"आला होता," येरानुही म्हणते. "बाई होती. थांबा, सांगते."

पण समोरच्या बाईचे डोळे भरून आलेले असतात. ती येरानुहीला घट्ट मिठी मारते, पिशव्या उचलते आणि चालू लागते. येरानुही बोलत बोलत तिच्यामागून गाड्या लावतात तिथपर्यंत जाते. गुडघे साथ देतील त्या दिवशी.