चुड्याची पहिली बांगडी

बेंबळीच्या उमाबाई कासारणीला कुणाचं माप विचारावं लागत नसे. हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं, की झालं. वीस वर्षं डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती आसपासची गावं फिरली. नवरा राजशेखर कुठल्याच कामाला चिकटला नाही. घर चाललं ते बाईच्या पेटीवर. भरताना बांगडी पिचली तर नुकसान कासारणीचं, हा धंद्याचा रिवाज. पण उमाबाईच्या हातात बांगडी सहसा पिचत नसे.

तीन वर्षांमागं राजशेखर गेला, आणि गाव लई गोड बोलायला लागलं. डोहाळजेवणाचं बोलावणं येईना. विचारलं तर म्हणायचे, "पोरीनं मोबाईलवर मागवल्या." लग्नघरी म्हणायचे, "तुम्हाला कशाला तरास, उमाबाई?" विधवेच्या हातच्या बांगड्या नकोत, एवढं सरळ सांगायला काय जीभ झडत होती यांची? तोंडावर नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ज्या हातानं यांच्या सासवांना भरल्या, लेकींना भरल्या, तोच हात आता अपशकुनी झाला.

उमाबाई आठवडी बाजारात टिकल्या, रिबिनी अन् प्लास्टिकच्या बांगड्या मांडून बसू लागली. पण एक आस तिनं सोडली नव्हती. लेकीच्या, हर्षालीच्या लग्नाचा चुडा आपल्याच हातानं भरायचा.

हर्षालीही हट्टाची. "चुडा आईच भरंल," असं तिनं सासरी आधीच सांगून टाकलं. आणि नवल बघा, होणारी सासू म्हणाली, "आमची काय हरकत न्हाय." उमाबाईच्या घरच्याच जावांनी नाकं मुरडली, पण गप बसल्या.

चुड्याच्या दिवशी उमाबाईनं साबणाचं पाणी घेतलं, लेकीचा हात धरला. सगळ्या बायका टक लावून बघत होत्या. तेवढ्यात तिच्या मनात आलं, यांचंच खरं असलं तर? पोरीचं वाटोळं माझ्या हातानं झालं तर? तिनं बांगडी घाईनं रेटली. पहिलीच हिरवी बांगडी सांध्यावर पिचली.

अहो, काच ती, घाबरलेल्या हातात पिचणारच. हे उमाबाईइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, दुसरी घे," हर्षालीनं हात तसाच पुढं ठेवला. "लागलं न्हाय मला. बघ की."

उमाबाईनं हाताचा साबण धुतला. तिच्या हाताखाली शिकलेली भावजय नंदा दारात उभी होती. "नंदा, तू बस हितं," ती म्हणाली.

"मला तुझ्याच हातानं पायजे."

"हट्ट करू नगं, बाळा. सुखानं नांद."

नंदानं चुडा भरला. हर्षाली रडत होती, अन् बायका म्हणत होत्या, सासरी जायचं म्हणून रडते.

आता बाजारात एखादी शाळकरी पोर हात पुढं करते, "मावशी, तुमीच घाला की." उमाबाई बांगड्या कागदात गुंडाळून तिच्या हातात देते.

"घरी जा," म्हणते, "अन् आईकडून घालून घे."