कांचनअक्कांचा गट आणि बोंबलाची चटणी

कांचनअक्कांची नि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी पोस्ट काढून टाकली तेव्हा. पाककृतींच्या त्यांच्या ऑनलाइन गटावर मी वांग्याचं भरीत लिहिलं होतं. भरीत माझं, फोटो मात्र दुसरीकडून उचललेला. पाचच मिनिटांत धुळ्याहून फोन आला. "मी कांचन बोलतेय. भरीत छान लिहिलंय. फोटो तुमच्या कढईचा टाका, करपलेली असली तरी चालेल." पहूरच्या शेतकरी घरातली मी, चांगलीच रागावले. पुढे त्याच गटाची ॲडमिन झाले, आणि आज अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिण्याचा मान मला मिळतो आहे.

अक्का धुळ्यातल्या कापड-व्यापारी जैन घरातल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूणही येत नाही. गटाचे नियम त्यांनीच घातले: स्वतः केलेलंच लिहायचं, प्रमाण द्यायचं, कोणाच्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत. पोस्ट काढली की कारण त्या फोन करून सांगतात. एकदा एका आजींची पोस्ट नक्कल समजून त्यांनी चुकून काढली. चूक कळताच अक्कांनी सगळ्या गटासमोर स्वतःच्या नावानं माफी मागितली आणि ती आठवडाभर सर्वांत वर ठेवली.

त्यांची खरी परीक्षा एका चातुर्मासात झाली. चोपड्याजवळच्या रेखाताईंनी सुक्या बोंबलाची चटणी लिहिली. "वास इथपर्यंत आला," "असल्यांना गटात घेतं कोण?" अशा शेऱ्यांचा पाऊस पडला. त्यात अक्कांच्या सख्ख्या नणंद शोभाबाईही होत्या. सामिष पदार्थ बंदच करा, मतदान घ्या, अशी मागणी झाली. रेखाताई मुकाट्यानं गट सोडून गेल्या.

मीही म्हणाले, "घेऊन टाकू मतदान."

"कशावर घ्यायचं?" अक्कांनी विचारलं. "दुसरीच्या ताटात काय असावं, यावर?"

अक्कांनी पोस्ट ठेवली, शेरे काढले आणि शोभाबाईंसह शेरे मारणाऱ्या सगळ्यांना पंधरा दिवस गटाबाहेर केलं. शोभाबाई तडक अक्कांच्या घरी आल्या. "सून या घराची, आणि बाजू बोंबलाची?"

"बाईसा, बोंबील मी या जन्मी खाणार नाही. पण ती बाई माझ्या भरवशावर लिहायला आली होती."

ज्यांना पाहायचं नाही त्यांचाही अक्कांनी विचार केला. मांस-मासळी असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहायचं आणि फोटो खाली प्रतिक्रियेत टाकायचा, असा नवा नियम केला. तरी काही जणी रागावून गेल्या, त्या आजवर परतल्या नाहीत.

मग आम्ही दोघी एसटीनं चोपड्याला गेलो. अक्कांना दारात पाहून रेखाताई गोंधळल्या. "बठ्ठा हसनात, अक्का. आते मी नही लिखस."

"हसणाऱ्या सगळ्यांना मी बाहेर ठेवलंय," अक्का म्हणाल्या. "पण एक सांग, बोंबील आधी धुवायचे की तसेच भाजायचे? तू लिहिलं नाहीस. नवी मुलगी करणार कशी?"

ज्या पदार्थाला त्या हात लावणार नाहीत, त्याची कृती त्यांनी ओळ न् ओळ वाचली होती. रेखाताई आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या ओसरीवर आम्ही चहा घेतला. आज त्या गटाच्या तिसऱ्या ॲडमिन आहेत. शोभाबाई सोळाव्या दिवशी बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीची कृती घेऊन गटावर परतल्या. अक्कांशी त्या कितीतरी महिने बोलल्या नाहीत. अक्कांना त्याचं वाईट वाटे, पण निर्णय त्यांनी बदलला नाही. अशा बाईंच्या हाताखाली मी शिकले, हे मी कुठेही अभिमानानं सांगते.

अक्का, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाइल कमी पाहा असं डॉक्टरांनी बजावलंय, ते ऐका. रोजच्या पोस्टी वाचायला रेखाताई आणि मी आहोत. पण आमचं दोघींचं एकमत होत नाही तेव्हा फोन तुम्हालाच लावायचा असतो. तो उचलायला तुम्ही पुढची पुष्कळ वर्षं ठणठणीत असा.